पाच रेषांची साक्ष

कागदावर रेष एकच उमटली होती, आणि उमटायला हव्या होत्या तीन.

साल १९५६. जेफ्री विल्किन्सन आणि त्यांचे सहकारी पायपर यांनी लोखंडाचे एक नवे संयुग घडवले होते. लोखंडाच्या एका अणूला कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू चिकटलेले आणि त्याच अणूला कार्बनची दोन पंचकोनी कडी जोडलेली. पहिले कडे लोखंडावर छत्रीसारखे आडवे पसरलेले होते. त्याच्या पाचही कार्बनांचे लोखंडाशी नाते सारखेच. दुसरे कडे मात्र खुंटीला अडकवलेल्या टोपीसारखे, एकाच कार्बनच्या आधाराने लटकलेले. असा निष्कर्ष काढायला विल्किन्सन यांच्यापाशी इतर पुरावे होते. पण तो खरा असेल तर या दुसऱ्या कड्यावरच्या पाच हायड्रोजनांची स्थिती सारखी असू शकत नव्हती. एक खुंटीशी, दोन तिच्या शेजारी आणि दोन दूरच्या टोकाला. उपकरणाने त्यांच्या तीन वेगळ्या खुणा दाखवायला हव्या होत्या. त्याने दाखवली एक सडपातळ, धारदार रेष. पाचही हायड्रोजन जणू एकाच जागी बसले होते.

ज्या उपकरणाने हा पेच टाकला ते तेव्हा अगदी कोवळे होते. रेणूला जोरदार चुंबकक्षेत्रात ठेवायचे, त्याच्यावर रेडिओलहरी सोडायच्या आणि त्यातल्या अणुकेंद्रांनी दिलेला प्रतिसाद टिपायचा, असे ते तंत्र. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन हे त्याचे भारदस्त नाव असले तरी प्रयोगशाळेत सारे त्याला एनएमआरच म्हणतात. एकाच रेणूतले हायड्रोजन वेगवेगळ्या शेजारात बसले असतील तर वेगवेगळ्या ठिकाणी बोलतात, हे १९५१ साली साध्या अल्कोहोलच्या वर्णपटातल्या तीन शिखरांनी जगाला दाखवून दिले. तो निबंध स्टॅनफर्डच्या तिघांचा होता : अरनॉल्ड, पॅकार्ड आणि आपले एस. एस. धर्मत्ती. हेच धर्मत्ती पुढे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि या तंत्राचे काम त्यांनी तिथे उभे केले. या कथेच्या पायाचा एक दगड असा आपल्या ओळखीचा आहे.

जागा वेगळी, तर खूण वेगळी. नियम इतका साफ होता की लोखंडाच्या त्या संयुगाने तो मोडला तेव्हा विल्किन्सन आणि पायपर यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या. रेणूच्या रचनेबद्दलचा आपला समज चुकला असे म्हणायचे, किंवा काहीतरी धाडसी मांडायचे. त्यांनी धाडस केले. लोखंडाचा अणू त्या कड्यावर एका जागी बसतच नाही, असे त्यांनी सुचवले. तो या कार्बनवरून त्या कार्बनवर सरकत राहतो, आणि ते इतक्या झपाट्याने की उपकरणाला पाचही हायड्रोजन एकसारखे भासतात.

कल्पना देखणी होती. पुरावा मात्र शून्य होता.

रेणू म्हणजे गोळे आणि काड्यांचा पक्का सांगाडा, असे मानणारा तो काळ. वर्गात लाकडी गोळ्यांचे नमुने ठेवलेले असत आणि विद्यार्थी ते हातात घेऊन बंधांचे कोन मोजत. रेणू थरथरतो, हेलकावतो, हे सर्वांना मान्य होते. पण त्यातले अणू आपापसांत जागा बदलत राहतात, आणि तेही स्वस्थ ठेवलेल्या बाटलीत, हे पचायला जड होते.

तरी असे काही घडत असावे याच्या कुजबुजी आधीच सुरू झाल्या होत्या. फॉस्फरसच्या एका अणूभोवती पाच फ्लोरीन असलेल्या रेणूत दोन फ्लोरीन वर-खाली, ध्रुवांवर बसतात आणि तीन मधल्या विषुववृत्तावर. म्हणजे जागा दोन प्रकारच्या. पण इलिनॉय विद्यापीठातल्या हर्बर्ट गुटोव्स्की यांच्या गटाला पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच दिसले होते की एनएमआरला पाचही फ्लोरीन एकच वाटतात. त्यात एक मार्मिक तपशील होता. फ्लोरीनची खूण फॉस्फरसच्या शेजारामुळे दुभंगलेली दिसत होती. फ्लोरीन जर फॉस्फरसला सोडून जात-येत असते तर हे दुभंगणे पुसले गेले असते. म्हणजे घर कुणीच सोडत नव्हते. घरातल्या घरात जागा बदलत होत्या.

हे कसे साधत असेल, याचे उत्तर १९६० साली स्टीफन बेरी नावाच्या तरुण शास्त्रज्ञाने दिले. ध्रुवावरचे दोघे थोडे आत वाकतात, विषुववृत्तावरचे दोघे थोडे बाहेर फाकतात, आणि क्षणात भूमिका पालटतात. एकही बंध तुटत नाही. सगळा रेणू वळल्यासारखा भासतो, प्रत्यक्षात वळत मात्र नाही. या हालचालीला आज बेरींचेच नाव आहे.

आणि गुटोव्स्की यांच्याच प्रयोगशाळेतून या कुलपाची किल्लीही आली. ती किल्ली म्हणजे तापमान.

फुगडी आठवून पाहा. दोघी मुली हातात हात घालून गिरक्या घेऊ लागतात. वेग कमी असतो तोवर एकीची लाल ओढणी आणि दुसरीची पिवळी ओढणी वेगळी दिसते. वेग वाढला की दोन्ही रंग मिसळून एकच नारिंगी वर्तुळ उरते. मुली दोनच असतात, रंगही दोनच असतात. आपला डोळा त्या वेगाला पुरा पडत नाही, एवढेच. एनएमआरचा डोळाही तसाच संथ आहे. सेकंदाला काही शेकडा वेळा जागा बदलली की त्याला दोन खुणांच्या जागी एक धूसर खूण दिसू लागते, आणि वेग आणखी वाढला की तीच खूण धारदार होते. १९५६ साली गुटोव्स्की आणि होल्म यांनी डायमिथाइलफॉर्मअमाइडच्या द्रवावर हे करून दाखवले. साध्या तापमानाला दोन रेषा होत्या. द्रव तापवत नेला तशा त्या फुगल्या, एकमेकींकडे झुकल्या आणि एक झाल्या. रेषांच्या त्या फुगण्यातून अदलाबदलीचा वेग मोजता येतो, हे त्यांनी सिद्ध केले.

तापवल्यावर जे एक होते, ते थंड केल्यावर वेगळे व्हायला हवे. लोखंडाच्या कोड्याला नेमके हेच लागू करायचे होते. पण ते करायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

या दहा वर्षांत कथेच्या मध्यभागी जो माणूस येतो त्याचे नाव आपल्याकडे रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या प्रत्येकाच्या कपाटात आहे. जाडजूड अकार्बनी रसायनशास्त्राचे ‘कॉटन-विल्किन्सन’ कुणी विसरत नाही. त्यातले पहिले नाव फ्रँक अल्बर्ट कॉटन यांचे. ते हार्वर्डमध्ये विल्किन्सन यांचेच विद्यार्थी. १९५५ साली पंचविशीतच ते एमआयटीत शिकवू लागले, आणि गुरूंनी अर्धवट सोडलेला पेच त्यांनी उचलला.

पहिला घाव फुकट गेला. १९५८ साली कॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोखंडाच्या एका अणूभोवती पाच कार्बन मोनॉक्साइड असलेला रेणू एनएमआरपुढे ठेवला. इथेही जागा दोन प्रकारच्या : ध्रुवांवर दोन, विषुववृत्तावर तीन. रेषा दोन हव्या होत्या, मिळाली एक. याचा अर्थ काय लावायचा? रेणूची रचनाच वेगळी आहे? दोन्ही जागांच्या खुणा योगायोगाने एकावर एक पडल्या? की इथेही फुगडी चालू आहे? त्या एका रेषेतून तिन्ही उत्तरे सारख्याच जोराने निघत होती. पुढे कळले की हा रेणू भयंकर चपळ आहे. त्याला स्थिर करण्याइतकी थंडी द्रावणात देताच येत नाही. कॉटन यांनी नेमका सर्वांत चपळ रेणू निवडला होता.

मध्यंतरी १९६३ साली वेगळ्याच दिशेने वीज चमकली. अमेरिकेत विल्यम डोअरिंग आणि वोल्फगांग रोथ यांनी कागदावर एक रेणू कल्पिला : दहा कार्बन, दहा हायड्रोजन, आणि बंधांची मांडणी अशी की ती अखंड मोडत-जुळत राहावी. त्या मांडण्यांची एकूण संख्या निघत होती १२,०९,६००. कोणताही कार्बन कोणत्याही कार्बनचा कायमचा शेजारी राहणार नव्हता. असा रेणू बनवायचा कसा, हा प्रश्नच होता. आणि त्याच वर्षी ब्रसेल्समधल्या एका औद्योगिक प्रयोगशाळेत गेरहार्ड श्रोडर आठ कार्बनांच्या एका कड्याच्या जोडरेणूवर अतिनील प्रकाश टाकत असताना तो रेणू फुटला. त्यातून बेंझिन बाहेर पडले, आणि उरले ते डोअरिंग यांच्या कागदावरचे नेमके तेच संयुग! ते तापवले की दहाही हायड्रोजनांची मिळून एकच धारदार रेष दिसे. थंड केले की ती फुटून दोन गट वेगळे होत, सहा आणि चार. डोअरिंग यांना मित्रमंडळी ‘बुल’ म्हणत. त्या टोपणनावावरून रेणूचे नाव पडले बुलव्हॅलीन, आणि अशा रेणूंना नाव मिळाले ‘फ्लक्शनल’. मराठीत त्यांना अस्थिरस्थानी म्हणता येईल, पण मला वाटते, ‘वाहते रेणू’ हे त्यांच्या स्वभावाला अधिक शोभते.

आता शंकेला फारशी जागा नव्हती. रेणू वाहू शकतात. पण धातूंच्या संयुगांतही हेच घडते का, आणि घडत असेल तर कोणत्या वाटेने, हे अजून नीट उलगडले नव्हते.

कॉटन गुरूंच्या जुन्या संयुगाकडे परतले. त्यांच्यासोबत अ‍ॅलन डेव्हिसन, जॅक फॅलर, स्टीफन लिपर्ड अशी तरुण मंडळी होती. आधी त्यांनी क्षकिरणांनी स्फटिकाची रचना तपासली. विल्किन्सन यांचा दहा वर्षांपूर्वीचा अंदाज खरा ठरला : एक कडे छत्रीसारखे, दुसरे खुंटीवरच्या टोपीसारखे. मग द्रावणाची बारीक नळी चुंबकात उतरवली आणि तिच्याभोवती गार वायूचा झोत सोडून तापमान पायरीपायरीने खाली नेले.

असे प्रयोग ज्यांनी केले आहेत त्यांना त्यातली धाकधूक ठाऊक असते. थंडीत द्रावण घट्ट होते, विरघळलेला पदार्थ कधी खाली बसतो, चुंबकक्षेत्राची समता बिघडते. प्रत्येक पायरीवर तापमान स्थिर होईपर्यंत वाट पाहावी लागते आणि मग लेखणी कागदावरून सावकाश सरकते. तीस अंशांना दोन रेषा होत्या, दोन्ही सारख्या उंचीच्या. एक छत्रीची, एक टोपीची. तापमान उतरू लागले. छत्रीची रेष जागची हलली नाही. टोपीची रेष मात्र बसकी होऊ लागली. ती रुंदावली, पसरली, आणि एका टप्प्यावर कागदाच्या तळरेषेत जवळजवळ विरून गेली. पाच हायड्रोजन कागदावरून नाहीसे झाले. अनोळखी माणसाला वाटावे, पदार्थ बिघडला. जाणकाराला इथेच धीर येतो, कारण फुगडीचा वेग डोळ्याच्या वेगाशी येऊन भिडल्याची ही खूण असते. आणखी खाली, उणे ८० अंशांपर्यंत जाताना त्या सपाट तळरेषेतून नव्या खुणा हळूहळू डोके वर काढू लागल्या. एकीच्या जागी अनेक. खुंटीजवळचा, शेजारचे, दूरचे, सारे आपापल्या जागी. लोखंडाची धाव थंडीने रोखली होती.

खरा साक्षात्कार मात्र त्या मधल्या, रुंदावलेल्या अवस्थेत दडला होता. खुणा विरताना साऱ्या एकाच वेगाने विरत नव्हत्या. एका गटाचा अर्धा भाग आधी कोसळत होता, दुसरा मागाहून. लोखंड जर कोणत्याही कार्बनवर मनमानी उडी मारत असते, तर साऱ्या खुणा सारख्याच कोसळल्या असत्या. ही विषमता सांगत होती की त्याच्या चालीला शिस्त आहे. ते उडी मारत नाही, शेजारच्या घरात पाऊल टाकते. एका कार्बनवरून लगतच्या कार्बनवर, मग पुढच्यावर, असे ते कड्यावरून फिरते. कोणता अर्धा भाग कोणत्या हायड्रोजनांचा, यावर वाद झाला. तेव्हा कॉटन यांच्या गटाने कड्याला बेंझिनचे दुसरे कडे जोडलेले भावंड बनवले. त्यात शेजारी पाऊल टाकायचे तर बेंझिनच्या कड्याची सुस्थिर घडण विस्कटावी लागते. ते भावंड साध्या तापमानालाही निश्चल राहिले. शेजारची वाट अडवली की धाव थांबते, हे दिसले आणि वाद मिटला.

इतके सारे एका धातूच्या अणूभोवती घडले होते. तीन-चार धातूंचे अणू एकमेकांना बिलगून जिथे छोटासा पुंजका बनवतात, तिथले काय?

ऱ्होडियमचे चार अणू चौफलकाच्या चार कोपऱ्यांवर बसतात आणि त्यांच्याभोवती बारा कार्बन मोनॉक्साइड असतात. त्यांपैकी तीन दोन-दोन ऱ्होडियमांमध्ये पुलासारखे टेकलेले, उरलेले नऊ एकेकाच ऱ्होडियमला धरून. हे नऊही एकाच प्रकारचे नाहीत, त्यांचे तिघातिघांचे तीन गट पडतात. म्हणजे स्थिर रेणूत जागा चार प्रकारच्या. कॉटन यांना १९६६ पासूनच संशय होता की इथे पूल उघडतात, बाराही जण क्षणभर एकेकट्या ऱ्होडियमवर जातात आणि पूल पुन्हा दुसरीकडे जुळतात. इरिडियमच्या तशाच पुंजक्यात मुळात एकही पूल नसतो, म्हणजे अशी पूलविरहित रचना निसर्गाला परकी नव्हती. पण हे पाहायचे कसे? इथे हायड्रोजन नव्हता. साक्ष कार्बनची काढावी लागणार होती. साधा कार्बन एनएमआरला मुका असतो. बोलतो तो १३ वस्तुमानाचा, आणि तो निसर्गात शंभरात जेमतेम एक. त्याचा क्षीण आवाज ऐकण्याजोगी नवी उपकरणे यायला सत्तरचे दशक उजाडले.

या प्रयोगात निसर्गाने एक देणगी आधीच ठेवली होती. ऱ्होडियमचे प्रत्येक अणुकेंद्र स्वतः चिमुकले चुंबक असते, आणि ते शेजारच्या कार्बनची रेष दुभंगवते. एका ऱ्होडियमशी बांधलेल्या कार्बनच्या दोन रेषा, दोन ऱ्होडियमांवर टेकलेल्याच्या तीन. म्हणजे प्रत्येक कार्बन आपण किती ऱ्होडियमांच्या सहवासात आहोत हे रेषांची संख्या सांगून कळवतो.

१९७२ साली कॉटन, क्रुझिन्स्की, शापिरो आणि जॉन्सन यांनी तो वर्णपट घेतला. उणे ६० अंशांच्याही खाली चार वेगळ्या खुणा दिसल्या : तीन दुभंगलेल्या, एक तिहेरी. रचना अगदी अपेक्षेबरहुकूम. मग नळी तापवत नेली. खुणा पसरल्या, ढासळल्या, सपाट झाल्या. आणि शून्याच्या कितीतरी वर, साठ अंशांच्या आसपास, त्या सपाटीतून एकच खूण उभी राहिली. ती एकेरी नव्हती, दुहेरी नव्हती, तिहेरीही नव्हती. तिच्यात पाच रेषा होत्या. मधली सर्वांत उंच, तिच्या दोन बाजूंना किंचित ठेंगण्या, टोकांना अगदी लहान. उंचीचे प्रमाण एक, चार, सहा, चार, एक.

पिंगलाच्या छंदःशास्त्रावर हलायुधाने दहाव्या शतकात भाष्य लिहिताना मांडलेल्या मेरुप्रस्तार या संख्यांच्या त्रिकोणातली ही चार वस्तूंची ओळ. चार सारख्या चुंबकांच्या मध्ये अडकलेला कार्बन नेमक्या याच प्रमाणात रेषा देतो. म्हणजे बारापैकी प्रत्येक कार्बन मोनॉक्साइड एका ऱ्होडियमशी बांधलेला नव्हता, दोघांशीही नव्हता. तो चौघांचा होता, आणि चौघांचा सारखाच होता. पुंजक्याच्या चारही कोपऱ्यांवर प्रत्येक जण सतत ये-जा करत होता. कुणी पुंजका सोडून द्रावणात निघून जात असते तर ही पाच रेषांची ओळ टिकलीच नसती. फॉस्फरसच्या फ्लोरीनांनी दोन दशकांपूर्वी जे सुचवले होते, ते इथे बारा जणांनी एका आवाजात सांगितले.

माझ्या मते रसायनशास्त्रातल्या सर्वांत सुंदर वर्णपटांत याची गणना व्हावी. त्यात अनुमानाला वावच उरला नाही. रेणूने स्वतःच मोजून आकडा सांगितला.

यानंतर पुंजक्यांच्या अभ्यासाला पूर आला. धातूच्या पृष्ठभागावर चिकटलेले वायू तिथे कसे सरकतात, उत्प्रेरक कसे काम करतात, हे समजून घ्यायला हे छोटे पुंजके नमुना ठरले. बेरींनीही पुढे शिकागोत आर्गॉनच्या मूठभर अणूंचे पुंजके संगणकावर तापवून पाहिले, आणि इतक्या लहान पुंजक्यांत घन आणि द्रव अवस्था एका तापमानपट्ट्यात आलटून पालटून नांदतात हे दाखवले.

एक पुंजका मात्र हट्टी निघाला. लोखंडाचे तीन अणू आणि बारा कार्बन मोनॉक्साइड असलेला हा गडद हिरवा पदार्थ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ठाऊक होता. त्याच्या स्फटिकाने क्षकिरणतज्ज्ञांना पिढीभर चकवले. तीन लोखंडांच्या जागी त्यांना सहा अर्धे अणू दिसत, एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांच्या चांदणीसारखे. साठच्या दशकात वेई आणि डाल यांनी तो गुंता सोडवला आणि रचना पक्की झाली : दोन पूल, दहा मोकळे. द्रावणात त्याच्या निरनिराळ्या जागांच्या वेगळ्या खुणा दिसाव्यात म्हणून कॉटन यांनी तोही थंड करत नेला, शून्याखाली, शंभराखाली. उणे १५० अंशांवरही बारा जणांची मिळून एकच रेष उमटली.